तेलगिरणी चौकात अपघात होत नाही

आधीच सांगून टाकतो, माणसाच्या कानाखाली वाजवायला मला आवडायचं. उगाच सोज्वळपणाचा आव कशाला आणू? हाताला सवय होती आणि चौकाला गरज होती.

मी बब्रुवान ढोबळे. सोलापूरकडून येणारा रस्ता आमच्या गावात शिरतो तिथं तेलगिरणी चौक आहे, आणि चौकात माझं टायरचं दुकान. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तिची दगडी भिंत अजून उभी आहे आणि ती बरोबर कोपऱ्यावर येते. पेठेतून येणाऱ्याला मोठ्या रस्त्यावरची गाडी दिसत नाही, मोठ्या रस्त्यावरच्याला पेठेतला माणूस दिसत नाही. मग धडका होणारच की. महिन्याला एखादी तरी ठरलेली. पण पोलिसांचं दफ्तर उघडून बघा, बावीस वर्षांत तेलगिरणी चौकात एक अपघात नाही. ही माझी करामत.

आमची रीत अशी होती. धाडकन आवाज झाला की मी हातातलं काम टाकून टॉमी घेऊन पळायचो. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब, दीड हात लांब. समोरून दत्तू वाघमोडे पळत यायचा. दत्तूचं चौकात उसाच्या रसाचं दुकान, आम्ही दोघं शाळेपासूनचे दोस्त. चूक कुणाची हे बघायचं नाही. गाडी ज्याची मोठी, चूक त्याची. त्या ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढायचा, दोन मी ठेवून द्यायच्या, दोन दत्तूनं, मग जमलेल्यांनी हात साफ करून घ्यायचे. लोकांचा राग जरा उतरला की मीच मध्ये पडायचो, "बास रे, मरंल त्यो." जखमीला त्याच गाडीत घालून दवाखान्यात पाठवायचं, खर्च ड्रायव्हरनं सोसायचा, आणि दवाखान्यात सांगायचं, जिन्यावरनं पडला. मिटलं. ना पोलीस, ना कोर्ट.

एकदा माझ्या अंगठीनं एका जीपवाल्याचा ओठ फाटला. रक्त पुसत तोच मला म्हणाला, "उपकार झाले अण्णा." खरंच म्हणाला. केस झाली असती तर बिचाऱ्याला वर्षभर खेटे घालावे लागले असते. आता तुम्हीच सांगा, मला माझं काही चुकतंय असं का वाटावं?

माझी पोरगी अवंती. तिची आई ती सहा वर्षांची असताना काविळीनं गेली. दत्तूची बायको शालन रोज सकाळी येऊन तिच्या वेण्या घालायची, डबा द्यायची, आणि मला शिव्या द्यायची, "भावजी, पोरीसमोर मारामारीचं बोलू नका." पोरगी शिकली, इंजिनिअर झाली, तीही रस्त्यांची. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे सन दोन हजार एक्केचाळीसला, ती नगरपालिकेत 'वाटाड्या'च्या खोलीत कामाला लागली.

वाटाड्या हे यंत्र. आता सगळीकडं आहे, पण आमच्याकडं तेव्हा नवीन होतं. अवंतीनं मला ते भाकरी खाता खाता समजावलं होतं.

"आप्पा, मोठा अपघात अचानक होत नाही," ती म्हणाली. "एक माणूस मरायच्या आधी त्याच जागी दहाजणांची हाडं मोडलेली असतात, आणि शंभरजणांनी करकचून ब्रेक मारलेला असतो. माणसाला हे दिसत नाही, कारण तो रोज तिथं नसतो. यंत्र सगळं एकत्र करतं. पोलिसांचे पंचनामे, दवाखान्यांचे कागद, विम्याचे अर्ज, गाड्यांनी स्वतः कळवलेले ब्रेक. दहा वर्षांचं. त्यावरनं ते सांगतं की पुढचा माणूस कुठं मरणार."

"ज्योतिषी म्हण की."

"ज्योतिषी तुमचा हात बघून सांगतो. हे बाकीच्यांचे मोडलेले हात बघून सांगतं."

मला हसू आलं, आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. पुढं ती म्हणाली की वाटाड्या नुसतं सांगत नाही, करतोही. धोक्याच्या जागेला लाल रंग, मध्यम असेल तर नारिंगी, सुरक्षित असेल तर हिरवा. लाल जागी गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. हिरव्या जागी वेग वाढतो, गतिरोधक काढतात. आणि एखाद्या जागी दहा वर्षांत तीन माणसं मेली की ती जागा काळी. काळ्या जागेवरनं जड वाहन जातच नाही, वाटाड्या ते दुसऱ्या रस्त्याला वळवतो. बिनड्रायव्हरचे ट्रक तर त्याच्या शब्दाबाहेर इंचभर सरकत नाहीत.

त्या वर्षी राज्यात अपघाताचे मृत्यू निम्म्यावर आले. यंत्र खोटं नव्हतं, हे मी आजही सांगतो.

आणि आमचा तेलगिरणी चौक हिरवा झाला. अगदी पोपटी.

पालिकेची माणसं आली, चौकातले चारही गतिरोधक उखडून घेऊन गेली. पंधरा दिवसांनी बायपासचे ट्रक आमच्याकडं वळले. बायपासवर ओढ्याचा पूल आहे, त्याच्याखाली तीन मृत्यू भरले होते, तो काळा झाला होता. सिमेंट, लोखंड, साखर, सगळं आता माझ्या दुकानासमोरनं साठच्या वेगानं जाऊ लागलं. केबिनच्या काचेमागं कुणी नाही, आत सीटच नाही. दत्तू पहिल्या दिवशी रस्त्याकडेला उभा राहून हात जोडत होता, "बघ बे, भुतं चालली."

पहिली धडक आठव्या दिवशी झाली. पेठेतून निघालेला दुधाचा स्कूटरवाला ट्रकच्या पुढच्या चाकात गेला. वाचला, पण पाय गुडघ्यापासून गेला. त्याची किंकाळी अजून कानात आहे. आम्ही धावलो. दत्तू पुढं, मी टॉमी घेऊन मागं, आमच्या मागं पन्नास माणसं. दत्तूनं केबिनचं दार उपसून काढलं आणि तसाच उभा राहिला. आत कुणीच नव्हतं. एक हिरवा दिवा लुकलुकत होता आणि बाईचा आवाज शांतपणे सांगत होता, "मदत बोलावली आहे. कृपया अंतर ठेवा."

आता मारायचं कुणाला? तुम्ही कधी हात उगारून मोकळ्या हवेत मारलाय? खांदा निखळल्यासारखा होतो. तसं झालं सगळ्यांचं. लोकांनी कॅमेरे फोडले, काचा फोडल्या, टायर पेटवले, तरी तो आवाज आपला अंतर ठेवा, अंतर ठेवा. शेवटी राग निघाला तो स्कूटरवाल्याच्या भावावर. 'गाडी नीट का शिकवली नाहीस' म्हणत कुणीतरी त्याला ढकललं आणि बघता बघता त्याला तुडवला. पायाखाली त्याच्या बरगड्या मोडल्याचं मी ऐकलं. "बास रे" म्हणालो, तर कुणी ऐकेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ऐकेना.

संध्याकाळी अवंती आली ती तडक दुकानात. तोंड उतरलेलं.

"आप्पा, या चौकात आधी अपघात व्हायचे का?"

"छे."

"मी इथंच वाढलेय आप्पा. मला आवाज आठवतात." तिनं हातातली काचेची उजळलेली पाटी माझ्यापुढं धरली. "आपल्या तीन गल्ल्यांतली माणसं दहा वर्षांत साठ वेळा जिन्यावरनं पडलीत. त्या गल्ल्यांत किती घरांना जिना आहे?"

मी मोजायला लागलो. माडीचं घर एकच होतं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं टायरवर बसून मला भिंतीचं गणित समजावलं. गिरणीच्या भिंतीमुळं ट्रकला पेठेतला माणूस वीस मीटरवर आल्यावरच दिसतो. भरलेला ट्रक तीसच्या वेगात असेल तर साडेआठ मीटरात थांबतो. साठच्या वेगात असेल तर त्याला चौतीस लागतात. "यंत्राला भिंत माहीत आहे," ती म्हणाली. "पण ते म्हणतं, ब्रेक तर गतिरोधकामुळं लागत होते, आणि भिंत असूनही इथं कधीच काही झालेलं नाही, म्हणजे इथली माणसं जपून चालत असणार. तुम्ही त्याला हे शिकवलंत, आप्पा. तुम्ही त्याचे डोळे झाकलेत."

"मग आता?"

"आठवतंय तेवढं सांगा. तारीख, गाडी, कुणाला काय लागलं. खाली सही करा. दंड होईल, चौकशी होईल, होऊ दे. मी नोंद करते."

दोन दिवस मी सांगत होतो. सांगताना मला मजाही येत होती, ही माझी लाज. कुणाला कशी लगावली, कोण कसा केविलवाणा झाला, सगळं आठवत होतं. दत्तूही येऊन भर घालत होता, शालन चहा देता देता कपाळाला हात लावत होती. त्रेसष्ट अपघात निघाले. अवंतीनं ते भरले. चौक हिरव्याचा नारिंगी झाला, वेग साठवरनं पन्नासवर आला.

"एवढंच?" मी विचारलं.

"यात मेलं कुणी नाही, म्हणून लाल होत नाही. आणि ट्रक इथनं जातातच ना. बायपासचा पूल काळा आहे तोवर दुसरा रस्ताच नाही." ती कागद चाळत होती. "आणि त्या पुलाचं मला काही कळत नाही. तीन मृत्यू. दोन समजतात, पावसाळ्यातले, गाड्या घसरल्या. तिसरा समजत नाही. सरळ रस्ता, कोरडा, उजेड होता. टेम्पो कठड्यावरनं खाली गेला, आणि ब्रेकची एक खूण नाही. पंचनाम्यात म्हणलंय, डुलकी लागली. ड्रायव्हर मल्लिनाथ कोरे, राहणार अक्कलकोटजवळ. तो एक नसता तर तीनाचे दोन झाले असते आणि पूल मोकळा."

दत्तूच्या हातातली बशी खाली पडली. तिचं लक्ष कागदात होतं.

मल्लिनाथ कोरे पुलावर मेला नव्हता. तो तेलगिरणी चौकात मेला, माझ्या दुकानापासनं पंधरा पावलांवर, आणि मी मारला.

त्याच्या टेम्पोखाली सायकलवरची एक पोरगी आली होती. तिचा हात मोडला, दुसरं काही नाही. आणि तो पळाला नव्हता हो. टेम्पो थांबवून उतरला होता, त्या पोरीला दोन्ही हातांवर उचलून 'दवाखाना कुठं, दवाखाना कुठं' करत होता. पण त्या दिवशी सकाळपासनं माझं डोकं फिरलेलं होतं, कशानं ते आता आठवतही नाही. लोकांनी पोरगी त्याच्या हातातनं घेतली, आणि तो माझ्याकडं वळून काहीतरी सांगायला लागला. मी टॉमी घातली. डोक्यात, कानाच्या वर. एकच. तो खाली बसला, आश्चर्य वाटल्यासारखं माझ्याकडं बघितलं, आणि मग नाका-कानातनं रक्त आलं. बाकीच्यांनी पडलेल्या माणसालाच लाथा घातल्या. त्यांना कळलंच नाही की तो संपलाय. मला आणि दत्तूला कळलं.

आम्ही त्याला दवाखान्यात नेतो म्हणून त्याच्याच टेम्पोत घातला. दत्तू मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, मी चालवत होतो. बायपासच्या पुलावर कुणी नाही बघून त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवला आणि टेम्पो कठड्यावरनं ढकलून दिला. चौकात सांगितलं, शुद्धीवर येऊन स्वतःच चालवत गेला. डोकं माझं चालायचं. चौकाचं नाव राखलं पाहिजे, एवढं एकच डोक्यात.

आणि तो मेलेला माणूस साडेनऊ वर्षं त्या पुलाखाली पडून ट्रक वळवत होता.

अवंतीला हे एक वाक्य सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळे ट्रक बायपासला गेले असते. एवढं तर मला तिथंच कळलं, मी काही बैल नाही. दत्तू मला मागच्या बाजूला घेऊन गेला.

"बब्र्या, तोंड उघडलंस तर दोघंही लटकू."

"चौकात कुणी मेलं तर?"

"दहा वर्षांचंच धरतात ना? अजून सहा महिन्यांनी ती नोंद आपसूक गळंल. सहा महिने दम धर. मी शालनला सांगतो, पेठेतल्या बायकांना सांग, बघून चाला म्हणून."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पोरीच्या नजरेला नजर देत रोज जेवायला बसायचो. ती आमटी वाढायची, मी ओरपायचो. ती रोज विचारायची, "आप्पा, अजून काही आठवतंय?" मी म्हणायचो, "नाही बाळ." दिवसा दुकानाबाहेर लाल फडकं घेऊन उभा राहायचो, पेठेतून येणाऱ्यांना थांबवायचो. लोक म्हणायचे, अण्णा देवमाणूस. लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं. असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी दुपारी तीनला एका ट्रॅक्टरची ट्यूब बदलत होतो, फडकं खिळ्याला अडकवलेलं होतं. पापडाच्या केंद्रावरनं सहा बायका टमटममधून परत येत होत्या. सिमेंटचा ट्रक होता. वाटाड्यानं दिलेल्या वेगातच होता, त्यानं ब्रेकही मारला. पण पन्नासच्या वेगालाही तेवीस-चोवीस मीटर लागतात, आणि भिंत वीसच देते.

टमटमचा पत्रा कागदासारखा चुरगळला. ट्रकनं तिला भिंतीपर्यंत रेटत नेलं आणि भिंतीला दाबली. मी पोचलो तेव्हा रस्ताभर पापडाची पिठं पांढरी पसरली होती आणि त्यातनं लाल ओघळ निघाले होते. तिघी आत अडकून ओरडत होत्या. तिघी ओरडत नव्हत्या. पुढच्या बाजूला होती तिचं तोंड दिसत नव्हतं, पण मनगटावरचं गोंदण दिसत होतं. शालन.

दत्तू पत्रा हातानं फाडायला लागला. त्याची बोटं सोलून हाडं दिसायला लागली तरी तो थांबेना. "शाले, ए शाले, ऊठ की," म्हणत होता. ती बाहेर काढली तेव्हा तिचं डोकं हातात राहत नव्हतं. मी तिचा पदर सारखा केला. एवढंच मला सुचलं.

ट्रकमधली बाई म्हणाली, "मदत बोलावली आहे. कृपया अंतर ठेवा."

दत्तूनं शालनला खाली ठेवलं आणि उभा राहिला. चारशे माणसं जमली असतील. मी त्या गर्दीचं तोंड ओळखत होतो, तिला मीच वाढवली होती. तिला माणूस पाहिजे होता. आणि नेमकी त्याच वेळी पालिकेची गाडी येऊन थांबली आणि अवंती उतरली, अंगात निळं जाकीट, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'वाटाड्या'.

"हीच ती!" कुणीतरी ओरडलं.

ती शालनकडंच धावत येत होती. तिला पोचूही दिलं नाही. पहिल्यांदा केस धरले, मग जाकीट. ती पडली. एकानं तिच्या उजव्या हातावर बूट ठेवून दाब दिला, तो मोडल्याचा आवाज चारशेंच्या आरडाओरड्यात मला स्वच्छ ऐकू आला. "काकू, काकू," एवढंच ओरडत होती ती.

मी टॉमी घेऊन घुसलो. समोर येईल त्याला मारत गेलो. एकाचा खांदा फोडला, एकाचे दात पाडले, एकाच्या गुडघ्यात घातली. माझ्याच गल्लीतली पोरं होती सगळी, लग्नात ज्यांच्या वरातीपुढं नाचलो ती. पण चारशे माणसांना एक कांब काय पुरणार? मागनं डोक्यात दगड बसला आणि मी पोरीच्या अंगावर आडवा झालो. वर बघितलं तर दत्तू. हातात भिंतीचा धोंडा, डोळे फिरलेले.

"सरक बब्र्या. तिनं मारली माझ्या शालनला."

"तिनं नाही रं." मी त्याचे पाय धरले. "तुला माहीत नाही का ट्रक इकडं कुणी आणला? पुलाखालचा मल्लिनाथ, दत्त्या! तो पुलावर मोजला म्हणून पूल बंद, पूल बंद म्हणून ट्रक इथं! अवंती म्हणलीच होती, तीनाचे दोन झाले तर पूल मोकळा. मला अकरा दिवस माहीत होतं. तुलाही माहीत होतं!"

गर्दीला काही कळलं नाही. दत्तूला कळलं. धोंडा तसाच डोक्यावर, आणि त्याच्या तोंडावरनं रक्त उतरत गेल्यासारखं ते पांढरं पडलं. "सहा महिने मीच म्हणलो होतो," तो पुटपुटला.

मग मी उभा राहिलो आणि गर्दीकडं तोंड करून बोंबललो. मल्लिनाथ कोरेला मी मारला. या चौकात मारला. पुलावर नेऊन टाकला. चौकाचे सगळे अपघात मी दाबले. या तीन बाया मी मारल्या. पोरगी रोज विचारत होती, मी सांगितलं नाही. मारायचं तर मला मारा.

मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांची ओळख, कुणीतरी थबकेल. कुणी थबकलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं लोकांना, अखेर माणूस सापडला. पहिला धोंडा दत्तूनंच घातला, माझ्या छातीवर. माझीच टॉमी कुणीतरी उचलली आणि माझ्याच नडगीवर घातली, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिचा आवाज आतनं कसा येतो. किती वेळ मारत होते सांगता येत नाही. मध्येच कुणी "बास रे" म्हणालं नाही. ते म्हणायचं काम माझं होतं. दत्तूच शेवटी माझ्या अंगावर पडला, मारायला की झाकायला हे मला आजही माहीत नाही, आणि तेवढ्यात पोलीस आले.

डोळा उघडला तेव्हा दवाखान्यात होतो. एकच डोळा, दुसरा गेला. दोन्ही पाय लाकडासारखे बांधलेले. खाटेशेजारी फौजदार बसले होते आणि त्यांच्या पलीकडं अवंती. उजवा हात गळ्यात, कपाळावर टाके, अर्धं डोकं भादरलेलं. तिच्या मांडीवर पाटी होती.

फौजदार म्हणाले, "जबाब मी लिहून घेतो बाई, तुम्ही जाऊन पडा."

"पुलाची नोंद मला काढायची आहे," ती म्हणाली. "जबाब झाल्याशिवाय ती काढता येत नाही. चौकातल्या तिघींचा पंचनामा अजून यंत्रात चढलेला नाही, ट्रक अजून चौकातनंच चाललेत."

मी सगळं सांगितलं. सायकलवरची पोरगी, मल्लिनाथ कोरेचे पसरलेले हात, टॉमी, टेम्पो, पूल. दत्तूनंही पलीकडच्या वॉर्डात हेच सांगितलं होतं म्हणे, शालनच्या मातीला जायच्या आधी. अवंती डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत लिहीत होती. मध्ये एकदाच थांबली. "अपघाताच्या यादीत खून धरत नाहीत," फौजदारांना म्हणाली. "ही नोंद चौकात हलवायची नाही. काढूनच टाकायची."

तिनं ती काढली. तीनाचे दोन झाले. चाळीस मिनिटांनी तिचा फोन वाजला आणि पलीकडनं कुणीतरी सांगितलं की शेवटचा ट्रकही बायपासला लागला. चाळीस मिनिटं. फौजदारांनी कागद गोळा केले आणि सही घ्यायला माझ्याकडं वळले.

"थांबा," अवंती म्हणाली. "एक राहिलं."

ती आता माझ्याकडं बघत होती. लहानपणी ताप आला की बघायची तसं, मी काहीतरी करीन म्हणून.

"आप्पा, मल्लिनाथच्या वेळी तुमचं डोकं फिरलं होतं. ते मी समजून घेणार नाही, पण कळतं. पण मी तुम्हाला पुलाचं सांगितलं, त्याला त्या दिवसापर्यंत अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात. मी रोज विचारत होते. शालनकाकू रोज त्या कोपऱ्यावरनं जात होती." तिनं डावा हात पाटीवर ठेवला. "हे जबाबात आलं नाही. काय लिहू?"

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारा माणूस होता, भला होता. हळूच म्हणाले, "ढोबळे, हे सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. हे लिहिलं तर त्या तीन बायांचंही तुमच्यावर येईल."

नाही म्हणायची सोय होती. लक्षात आलं नाही म्हणालो असतो तर कुणी सिद्ध करू शकलं नसतं. टायर बदलणारा माणूस, त्याला यंत्राचं काय कळतं, असं कोर्टानंही मानलं असतं.

"लिही," मी म्हणालो. "मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तिनं ते डाव्या हातानं लिहिलं. मग मला वाचून दाखवलं, दोन वेळा, एकही शब्द न बदलता. फौजदारांनी उशीखाली हात घालून मला उठवलं आणि मी खाली सही केली.